पाकळीच्या कडेची घरं

“मामा, मी जेवायला गेल्यावर आत कुणी आलं होतं?”

मल्लेशमामांनी ग्राफच्या कागदावरून मान वर केली नाही. ब्रश रंगात बुडवून त्यांनी एक चौकोनी घर भरलं, दुसरं भरलं, मग म्हणाले, “कोण येणार? मी असतो की इथंच.”

“कॉम्प्युटरला कुणी हात लावला?”

“मला काय विचारतीस? तुझा डबा, तुला ठाऊक.”

मी पडद्यावरून नजर हटवली नाही. कमळाच्या चादरीच्या दुसऱ्या तुकड्याच्या फाईलपुढे तारीख होती, एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. वेळ, बारा वाजून बावीस मिनिटं. बाहेर भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र दोन हजार एक सालचा एप्रिल लटकत होता.

ही तारीख म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. आमच्या कॉम्प्युटरच्या आतली छोटी बॅटरी मेलेली होती. टेबलाखालचं बटण बंद केलं की तो सगळा काळ विसरायचा आणि पुन्हा सुरू झाला की एक जानेवारीच्या रात्रीचे बारा वाजल्यापासून मोजायला लागायचा. म्हणून मी रोज सकाळी, आणि जेवून आल्यावर, सगळ्यात आधी तारीख नीट करायची. ज्याला हे माहीत नाही असा कुणीतरी माझ्यामागे कॉम्प्युटर सुरू करत होता, आणि सुरू केल्यापासून बाविसाव्या मिनिटाला त्यानं माझी फाईल बदलून ठेवली होती.

त्या खोलीत टेबलं दोनच होती. एक माझं, एक मल्लेशमामांचं.

सोलापुरात अक्कलकोट रोडला अंबादासशेठचा चादरींचा कारखाना होता. मी, रेवती म्याकल, तेव्हा बावीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स करून तिथं डिझाईनला लागले होते. मल्लेशम बुरा, ज्यांना मी मामा म्हणायची आणि शेठ अण्णा, तिथं तीस वर्षं डिझाईन करत होते. चादरीवरचा मोर असो की कमळ, ते आधी चौकटीच्या कागदावर उतरायचं. एक घर म्हणजे एक धागा. घर भरलं तर धागा वर, रिकामं सोडलं तर खाली. मामांनी आयुष्यभर ही घरं ब्रशानं भरली. मी तीच घरं पडद्यावर भरायची.

मी आले त्या दिवशी मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “ह्या डब्याला मी हात लावणार नाही.” आणि शेठ हसत म्हणाले होते, “नका लावू, अण्णा. पण दिवाळीनंतर ह्या खोलीत एकच टेबल राहील, एवढं सांगून ठेवतो.”

कुणाचं टेबल, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

डबा म्हणावा असाच तो होता. शेठच्या मेहुण्याच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर. चित्रांचं सॉफ्टवेअर नवं घातलं तर तो सुरूच व्हायचा नाही. मी हिंडून त्याची चार वर्षं जुनी प्रत मिळवली. पडद्यामागचं चित्र काढलं, आवाज काढले, लागणार नाहीत ते फॉन्ट काढले, रंग कमी केले. चूक झाली तर मागं जायची सोयसुद्धा एकाच पायरीपुरती ठेवली, कारण त्यातच निम्मी मेमरी जायची. एवढं करूनही अख्खी चादर त्यावर कधी उघडली नाही. मग मी तिचे चार तुकडे केले. एक तुकडा उघडायला सात मिनिटं. तो भरायचा, जतन करायचा, बंद करायचा, मग दुसरा. शेवटी चारही तुकडे छापून, एकमेकांना चिकटवून, मागाला नक्षी सांगणारे भोकाभोकांचे पत्ते पाडणाऱ्याकडं द्यायचे.

उन्हाळा आला तसा तो तापायलाही लागला. मी त्याचं झाकण काढून ठेवलं, टेबलफॅन सरळ त्याच्या पोटात सोडला, आणि दुपारी दीड ते अडीच पूर्ण बंद ठेवायला लागले. तेवढ्या वेळात मी मागच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांबरोबर जेवायची. मामा खोलीतच डबा खायचे.

आधी मला कॉम्प्युटरचाच संशय आला. गरम होऊन काहीतरी बिघडत असेल. मग सॉफ्टवेअरचा आला, कुठून कुठून आणलेली प्रत ती. पण बिघडलेलं यंत्र वाटेल तिथं बिघडवेल. इथं तसं नव्हतं. मी तुकडा मोठा करून बघितला, तर मधलं सगळं जसंच्या तसं होतं. फक्त कडेला, कमळाची पाकळी जिथं तुकड्याच्या सीमेला टेकते तिथं, मी सलग भरलेल्या घरांतली काही घरं रिकामी झाली होती. एक इथं, एक तिथं. उंदरानं कुरतडल्यासारखी.

फ्लॉपीवरच्या माझ्या मूळ प्रतीशी ताडून बघितलं. अकरा घरं गायब होती.

दुसऱ्या दिवशी तिसरा तुकडा. तेरा घरं.

ही चादर साधी नव्हती. एका मठानं चारशे चादरी सांगितल्या होत्या, मधोमध मोठं कमळ, चार कोपऱ्यांत मोर. अक्षय्य तृतीयेच्या उत्सवाआधी हव्या होत्या. कॉम्प्युटरवर झालेलं एवढं मोठं हे पहिलंच काम, आणि ते फसलं की कुणाचं टेबल उचललं जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

मी मामांकडं बघायला लागले. आधी मला ते फक्त तुसडे वाटायचे. आता त्यांची प्रत्येक गोष्ट मला नवीन दिसायला लागली. मी तुकडा उघडला की त्यांचा ब्रश थांबायचा. माझ्या पाठीमागं त्यांचं टेबल, आणि माझ्या पडद्याच्या काचेत त्यांचा चेहरा अंधुक दिसायचा. तो माझ्याकडं नव्हे, माझ्या हाताकडं बघत असायचा. मी वळले की ब्रश परत चालू.

“काही पाहिजे का, मामा?”

“काय नाही. तुझं चालू दे.”

शेडमधल्या नरसूबाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मल्लेशमामा कसा माणूस आहे?”

ती भाकरी मोडत म्हणाली, “सरळ आहे. पण खार खातो तुझ्यावर. ती पोरगी बसली की माझी तीस वर्षं पुसली, असं म्हणत होता परवा.”

तेवढं मला पुरेसं होतं.

तिसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन शेडकडं गेले आणि पंधरा मिनिटांनी मागच्या बाजूनं परत आले. दाराच्या फटीतून बघितलं. मामा माझ्या खुर्चीवर बसले होते. चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ पडद्याला टेकलेलं. उजव्या हातात माऊस असा धरलेला, जणू तो निसटून पळेल. डाव्या हाताशी कागदाचा चिटोरा. पडद्यावर वाळूचं घड्याळ होतं आणि ते मुकाट्यानं वाट बघत होते.

मी आत गेले नाही. सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांना घेऊन आले.

शेठनी दार ढकललं. मामा उठले नाहीत, दचकलेही नाहीत. फक्त माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“अण्णा,” शेठ म्हणाले, “हात लावणार नव्हता ना तुम्ही?”

“लावला.”

“आजच?”

“महिना झाला.”

मी पुढं होऊन तुकड्याची कड मोठी करून दाखवली. “हे बघा शेठ. हे असं कुरतडून ठेवलंय. दुसऱ्या तुकड्यात अकरा, तिसऱ्यात तेरा. मी भरलेलं सगळं माझ्याकडं फ्लॉपीत आहे, ताडून बघा.”

शेठनी बघितलं. घरं तर रिकामी होतीच. “का बिघडवलं, अण्णा? हिच्यावर राग, का माझ्यावर?”

मामांनी शेठकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. “हे तुला कुरतडल्यासारखं दिसतंय?”

“मग काय आहे हे?”

त्यांनी चिटोरा घडी करून खिशात घातला, टेबलावरचे चार ब्रश रुमालात गुंडाळले, चष्मा नाकावर घेतला आणि ते गेले. शेठनी “अण्णा, बोला तरी काही” असं दोनदा म्हटलं. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत शेठ दारातच उभे होते.

त्या दुपारी मी फ्लॉपीवरचे माझे चारही तुकडे परत कॉम्प्युटरवर चढवले. सगळी घरं जागच्या जागी, कडा कशा सुईसारख्या सरळ. छापलं, चिकटवलं, पत्ते पाडायला पाठवलं. किती दिवसांनी मला मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी पहिली चादर मागावरून उतरली. माग चालवणारा यंकप्पा ती खांद्यावर टाकून आमच्या खोलीत आला, मागोमाग शेठ. त्यानं चादर माझ्या टेबलावर पसरली. मोर सुंदर आले होते. कमळही लांबून सुंदर होतं.

“इथं हात लाव,” यंकप्पा म्हणाला.

कमळाच्या बरोबर मधून, उभी आणि आडवी, एक फुली गेली होती. तिथले धागे बसलेच नव्हते. नुसते वर लोंबत होते. यंकप्पानं त्यांच्याखाली बोट घातलं आणि उचललं, तर धागा कमानीसारखा वर आला. “पहिल्या धुण्यात जाईल हे. पायातलं जोडवं अडकलं तर अख्खं कमळ उसवंल.”

“मागाची चूक?” शेठनी विचारलं.

“मागाला काय झालंय? पत्ते तसे आहेत.”

शेठचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मल्लेशमनं जाता जाता घाण करून ठेवली. तीस वर्षं खाल्लं इथं, आणि हे! रेवती, तुला सापडलं नाही का काही?”

मी फुलीकडं बघत होते. घरं मोजत होते. माझ्या तुकड्यात पाकळीच्या कडेला सात घरं सलग भरलेली होती. सातपर्यंत धागा सुटा चालतो, एवढं मी शिकले होते. पण पलीकडच्या तुकड्यातही कडेला सातच होती. वेगवेगळी बघितली तर दोन्ही बरोबर. जोडली की चौदा. चौदा घरं धागा कुठंही बांधला न जाता मोकळा. मी अख्खी चादर कधी एकदम बघितलीच नव्हती, बघता येतच नव्हती. आणि त्या सात-सातांत मधेच एखादं घर रिकामं सोडलं की धागा तिथं खाली जातो, बांधला जातो. अकरा घरं. तेरा घरं.

“बघते,” मी शेठना म्हणाले. “बघून सांगते.”

खरं तर सांगायचं त्याच क्षणी होतं. मी सांगितलं नाही. तो सगळा दिवस मी पडद्यासमोर काढला आणि मनात एकच घोळत राहिलं. कुणालाही कळणार नाही. जो बोलू शकेल तो गेलाय, आणि जाताना काही बोलला नाही. शेठनी स्वतःच्या तोंडानं दोष त्याच्यावर टाकलाय. मी तीच घरं रिकामी करीन, नवे पत्ते पाडून घेईन, आणि मामांची घाण मी निस्तरली म्हणून माझंच नाव होईल. दिवाळीनंतरच्या टेबलाचा प्रश्नच मिटला.

मी दोन तुकडे दुरुस्तही केले. आणि तिसरा उघडायला ती सात मिनिटं थांबले असताना मला आठवलं, आदल्या महिन्यात दोन चादरी मी अशाच चार तुकड्यांत केल्या होत्या. दोन्ही बाजारात गेल्या. एकही धागा उसवल्याची तक्रार आली नव्हती. त्या मी जतन केलेल्या फाईली उघडून बघितल्या. दोन्हींच्या कडा कुरतडलेल्या होत्या. तारीख, एक जानेवारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जायच्या आधी मी मामांच्या घरी गेले. साखर पेठेत दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको दारात सुपात विड्या वळत होती. तिनं मला ओळखलं नाही. आत बघून म्हणाली, “कोण पोरगी आलीय बघा.”

मामा बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. मला आत बोलावलं नाही.

“चादर उतरली,” मी म्हणाले.

“मग?”

“मधून फुली आली.”

त्यांनी मान हलवली. आनंद नाही, राग नाही. “किती घरं सुटी?”

“चौदा.”

“खालच्या बाजूलाही चौदाच असतील. देठापाशी बघितलंस?”

मी बघितलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. “मामा, तुम्ही माझी नोकरी वाचवत होता, आणि मी—”

“तुझी नोकरी?” ते एकदम म्हणाले. “नाही गं. तुझी नोकरी गेली असती तर मला बरंच वाटलं असतं. खोटं कशाला बोलू?”

“मग कशाला केलंत?” मी विचारलं.

“माझ्या खोलीतून वाईट चादर बाहेर जाऊ द्यायची नव्हती. एवढंच. ती तुझ्या हातची का असेना.”

“मग मला सांगायचं. कडेला चुकतंय म्हणून.”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मामा, तुम्हाला कसं कळलं? मग सांगावं लागलं असतं की रोज तुझ्या मागं बसून शिकायलोय. सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, हात लावणार नाही म्हणून.”

“बघून शिकलात? नुसतं बघून?”

“तुझा डबा हळू चालतो म्हणून शिकलो. तू एक काही दाबलंस की तो पाच मिनिटं विचार करतो. तेवढ्यात मी चिटोऱ्यावर लिहून घ्यायचो. फास्ट असता तर मला काही कळलं नसतं.” पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि गेलं.

“त्या दिवशी शेठना तरी सांगायचं.”

“शेठनं विचारलं, का बिघडवलं. काय केलं, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तूही तेच विचारलंस.”

मी तिथून निघाले ती सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही. उभ्यानं सगळं सांगितलं. सात आणि सात चौदा, मामांनी सोडलेली घरं, मी ती परत भरली ते, आणि कालचा दिवस मी गप्प बसले तेही.

शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे काम तुझं चुकलेलं, बरोबर त्यांनी केलेलं, आणि घालवलं मी त्यांना. मग तुला ठेवू कशाला?”

मी म्हणाले, “ते तुम्ही ठरवा. पण आधी त्यांना बोलवा. उत्सवाला बारा दिवस आहेत.”

शेठ स्वतः स्कूटरवर गेले आणि मामांना मागं बसवून घेऊन आले. सगळा कारखाना दारात उभा राहून बघत होता. मामा खोलीत आले. मी माझ्या खुर्चीवरून उठले. ते तिच्यावर बसले, सगळ्यांसमोर, आणि त्यांनी माऊस धरला. पहिला तुकडा उघडायला घातला. सात मिनिटं सगळे वाट बघत उभे राहिले. यंकप्पासुद्धा माग सोडून उभा होता.

मी आदल्या दिवशी दुरुस्त केलेली कड त्यांनी बघितली. “घरं सोडलीस खरी,” म्हणाले, “पण एका सरळ रेषेत सोडलीस. कापडावर चर दिसंल. विखरून सोडायची असतात.” आणि एकेक घर भरून, दुसरं रिकामं करून दाखवायला लागले. मधेच चुकले. दोन पायऱ्या मागं जायचं होतं आणि आमच्या कॉम्प्युटरला एकच येत होती. मी हात पुढं केला, मग थांबले.

“सांग की,” ते म्हणाले. “बघत काय बसलीस?”

संध्याकाळपर्यंत चारही तुकडे झाले. चादरी उत्सवाच्या दोन दिवस आधी गेल्या.

दिवाळीच्या आधी शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं, माझा निकाल लागला. पण मामाच आधी बोलले. “हिला काढायचं तर काढा. पण पडद्यावर भरणार कोण? माझे डोळे दोन तासांच्या वर टिकत नाहीत.” मायेनं बोलले नाहीत. मोजमाप सांगावं तसं बोलले. शेठनी खिडकीबाहेर बघितलं आणि विषय बदलला. दोन्ही टेबलं राहिली.

पुढं सहा वर्षं आम्ही त्या खोलीत काम केलं. मधे नवा कॉम्प्युटर आला, त्याच्यावर अख्खी चादर एका दमात उघडायची. आज माझा स्वतःचा डिझाईनचा व्यवसाय आहे, आणि मल्लेशमामा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्यात प्रेमाचं नातं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, आणि मीही त्यांचं काम तपासल्याशिवाय कधी पुढं पाठवलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझं एकही घर मला न विचारता बदललं नाही. विचारून मात्र रोज बदललं.